२६ जानेवारी आणि देवीची जत्रा एकाच दिवशी आलीय, सकाळचं कसं जमवायचं?

पारावरची_लेक

नमस्कार मंडळी. आमची वाडी सातारा जिल्ह्यात माणदेशात, तीनशेच्या आसपास उंबरा, त्यातल्या निम्म्या घरांना वर्षभर कुलूप कारण माणसं मुंबई-पुण्याला. ती सगळी कुलपं उघडतात ती फक्त जत्रेला. आमच्या देवीची जत्रा तारखेवर नसते, पौष पौर्णिमेनंतरचा पहिला मंगळवार धरतात. २०२७ ला पौर्णिमा २२ जानेवारीला शुक्रवारी येतेय, म्हणजे पुढचा मंगळवार नेमका २६ जानेवारी.

यात्रा कमिटीत पहिल्यांदाच आम्हा दोन बायकांना घेतलंय आणि सकाळच्या कार्यक्रमाचं नियोजन माझ्याकडं दिलंय, म्हणून विचारतेय. पालखी दिवस उगवायच्या वेळेला देवळातनं निघते, गावाला फेरी मारून चावडीपुढच्या पटांगणात येते, तिथं सासनकाठ्या (निशाण लावलेल्या देवीच्या उंच काठ्या) नाचवतात, गुलाल-खोबरं उधळतात आणि मग पालखी ओढ्यावर आंघोळीला जाते. शाळा आणि ग्रामपंचायत दोन्हीचं पटांगण तेच, झेंड्याचा खांब पण तिथंच, आणि प्रभातफेरीचा रस्ता म्हणजे पालखीचाच रस्ता, गावाला दुसरा रस्ता आहे कुठं.

परवा देवळात मीटिंग झाली तर दोन तास एकाच गोष्टीवर गेले, देवी आधी का झेंडा आधी. जुनी माणसं म्हणतात देवीला थांबवायची नाही, पिढ्यानपिढ्याची वेळ आहे. तरुण पोरं म्हणाली मग झेंड्याचं दहा मिनिटांत उरकून टाकू. खरं सांगते मला ते 'उरकू' लई लागलं. माझे वडील आदल्या रात्री तांब्यात निखारे भरून माझ्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून द्यायचे, घरात दुसरं काही नवीन नसलं तरी २६ जानेवारीला शर्ट कडक पाहिजे. आणि जत्रेचं म्हणाल तर सासरी नांदणाऱ्या आम्ही सगळ्या लेकी त्या एका दिवसासाठी वर्षभर दिवस मोजतो. मला दोन्हीतलं एकही उरकायचं नाहीये.

तर ज्यांच्या गावात असं झालंय त्यांनी सांगा. वेळा कशा लावल्या, काठ्या झेंड्याच्या खांबाजवळ नाचवलेल्या चालतात का (आमची मोठी काठी खांबापेक्षा उंच आहे), गर्दीत कागदी झेंडे पायाखाली येतात त्याचं काय केलं, आणि शाळेच्या पोरांचं काय, तीच पोरं लेझमाला तीच कवायतीला.

---

शाळामास्तर

ताई, मी जिल्हा परिषद शाळेवर बावीस वर्षं काढली त्यातली नऊ वर्षं जत्रेच्या गावात, त्यामुळं बोलतो.

आधी वेळेचं. २६ जानेवारीला शासनाचा मुख्य कार्यक्रम सव्वानऊला असतो, म्हणून साडेआठ ते दहा या वेळात बाकी कुणी ध्वजवंदन ठेवू नये, ठेवायचं तर साडेआठच्या आत किंवा दहानंतर, अशी सूचना परिपत्रकात असते. यंदाचं परिपत्रक आलं की ग्रामसेवकांकडनं एकदा बघून घ्या. म्हणजे तुमच्या हातात सकाळ आहे ती साडेआठपर्यंतचीच. त्या दिवसांत आपल्याकडं सूर्य सात-सव्वासातला उगवतो. पावणेआठला झेंडा धरा. दहानंतरचा विचार सुद्धा करू नका, दहाला पालखी ओढ्यावर असणार, गाव नैवेद्याच्या गडबडीत असणार आणि झेंड्याला मास्तर आणि चार पोरं उरणार, हे मी डोळ्यानं बघितलंय.

काठ्यांचं स्पष्ट आहे. ध्वजसंहितेत (२६ जानेवारी २००२ पासून लागू आहे ती) लिहिलंय की राष्ट्रध्वजापेक्षा उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या शेजारी बरोबरीनं दुसरा कुठलाही झेंडा किंवा पताका लावायची नाही. काठीला निशाण असतं, त्यामुळं ती खांबाशेजारी उभी करणं बरोबर दिसत नाही. काठ्या देवळापुढंच नाचवा, नाहीतर पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला. आणि खांबावरनं चारी बाजूला पताकांच्या माळा ओढायची पोरांना फार हौस असते, तेवढी मात्र मोडून काढा, खांब मोकळा ठेवा.

गाठीचं सांगतो, हे कुठल्या परिपत्रकात नाही. पाकळ्या घालून झेंड्याची घडी आदल्या संध्याकाळी बांधून वर चढवून ठेवतात आणि रात्रभर दव पडतं. सुती दोरी ओली झाली की आवळते, सकाळी सरपंच ओढतायत आणि गाठ सुटत नाही, खाली राष्ट्रगीताला उभी राहिलेली पोरं वर बघत बसतात. आमच्याकडं एका वर्षी खांबावर माणूस चढवावा लागला होता. घडी सकाळीच बांधा, एक ओढ दिली की सुटेल अशी सरकगाठ मारा आणि दोन वेळा खाली ओढून बघा. केशरी पट्टा वर आहे ना हे बांधणाऱ्यानं एकट्यानं बघायचं नाही, दुसऱ्याला दाखवायचं. झेंडा लांबीला तीन तर रुंदीला दोन या मापाचाच घ्या, गावच्या खांबाला सहा बाय चार फुटी बरा दिसतो. खादीचाच पाहिजे असं आता राहिलेलं नाही, डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि मशीनवर विणलेला पण चालतो, पण फाटका किंवा विटलेला नको.

पोरांचं मात्र मनावर घ्या. लेझीम आणि कवायत एकाच पोरांकडं असेल तर आदल्या रात्रीच्या छबिन्याला (देवीच्या रात्रीच्या पालखी मिरवणुकीला) त्यांना जागवू नका. पौषातली थंडी, पोटात काही नाही, रात्रभर जागरण, आणि मग सावधान-विश्राम. चक्कर येऊन पडतात. सात वाजता प्रत्येकाच्या हातात गरम दूध आणि केळं पडलं पाहिजे, जिलेबी नंतर. आम्ही पाचवी-सहावीच्या पोरांना वेताच्या टोपल्या देऊन कागदी झेंडे गोळा करायचं काम द्यायचो. झेंडा विकत घ्यायचा तो कागदाचाच, प्लास्टिकचा आणूच नका, आणि गोळा झालेले उकिरड्यावर टाकायचे नाहीत, शाळेच्या मागं गाजावाजा न करता नीट जाळून टाकायचे. पोरं हे काम फार मनापासून करतात, एका पोरीनं एकदा पाळण्याखाली घुसून झेंडा काढून आणला होता.

---

हलगी_सांगली

आमच्याकडं २०२४ ला असंच झालेलं. पौष पौर्णिमा २५ जानेवारीला होती, त्या रात्री छबिना आणि दुसऱ्या दिवशी म्हंजे २६ ला कुस्त्यांचं मैदान. आणि आमच्याकडं पण हाच वाद, अगदी शब्द न शब्द हाच, फक्त आमचा वाद मीटिंगमध्ये न होता पालखी दारात आल्यावर झाला म्हणून तुम्ही आधीच विचारताय ते लई चांगलं करताय.

काय झालं सांगतो. छबिना रात्री बाराला संपायचा तो पहाटेपर्यंत चालला, पालखी देवळात परत जायला सात वाजले आणि शाळेची प्रभातफेरी समोरनं आली. एका गल्लीत दोन मिरवणुका. कुणी मागं सरकंना. तेव्हा आमचे पालखीचे मानकरी, ऐंशीच्या घरातले, त्यांनी खांदेकऱ्यांना सांगितलं पालखी बाजूला घ्या आणि टेकवा. पालखी ओट्यावर टेकवली. म्हणाले आई काय घाईत आहे का, तिची लेकरं शाळेला निघाल्यात, जाऊद्या. पोरं 'भारत माता की जय' म्हणत पुढनं गेली आणि जाताना प्रत्येक पोरगं पालखीला हात लावून पाया पडून गेलं. भांडण तिथंच संपलं ओ, पुढं दहा मिनिटांत सगळं गाव पालखी तिथंच ठेवून झेंड्याला गेलं, दोन माणसं फक्त पालखीपाशी.

मी हलगी वाजवतो म्हणून एक गोष्ट सांगतो. थंडीत हलगीचं कातडं सैल पडतं, मग पाचट पेटवून त्याच्यावर हलगी धरून तापवावी लागते तरच ती बोलते. त्या दिवशी आम्ही चौघं पटांगणाच्या कडेला जाळ करून हलग्या तापवत बसलो होतो आणि माईकवर राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं असतंय. आम्ही उठलो, हलगी मांडीला लावून उभे राहिलो. हातात तापलेली हलगी असताना ती न वाजवता उभं राहायची सवय नसती आम्हाला, बोटं आपोआप हलत्यात. माझ्या शेजारी माझा चुलता होता, त्यानं दोन्ही काड्या दातात धरल्या होत्या. 'जय हे' संपलं आणि गावानं जयजयकार केला तसा त्यानं जो पहिला ठोका टाकला तो मी आजपर्यंत ऐकलेला सगळ्यात भारी ठोका.

तर माझं म्हणणं, तुमच्या मानकऱ्यांना मीटिंगमध्ये चारचौघात विचारू नका, तिथं माणूस अडून बसतो. घरी जा, चहा घ्या, निवांत विचारा की आबा पालखी निघायची वेळ दिवस उगवताना म्हंजे नेमकी किती, आणि झेंडा होईस्तोवर पालखी दारात सजवून ठेवली तर चालंल का. निघणं वेगळं आणि सजणं वेगळं. दिवस उगवताना आरती करून पालखी देवळाबाहेर काढायची म्हंजे वेळ पाळली, गावफेरी झेंड्यानंतर.

दोन गोष्टी आणि. एक म्हंजे संध्याकाळी झेंडा उतरवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. सूर्यास्त साधारण साडेसहाच्या आतबाहेर असतो आणि त्याच वेळेला मैदानात मोठ्या कुस्त्या लागलेल्या असत्यात, शिपाईपण कुस्त्याच बघत असतोय. आमचा झेंडा त्या वर्षी रात्री आठपर्यंत वर राहिला, खालनं गुलाल उडत होता. २०२२ पासनं नियम बदललाय, माणसाला आपल्या घरावर दिवसरात्र झेंडा ठेवता येतो, पण शाळा-पंचायतीनं सूर्यास्ताला उतरवायची आपली पद्धत चांगली आहे, ती मोडू नये असं मला वाटतं. आता आम्ही दोन माजी सैनिकांकडं ते काम दिलंय, ते सहाला मैदानातनं उठत्यात म्हंजे उठत्यात. झेंडा चढवायचा झपाट्यानं आणि उतरवायचा सावकाश, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं.

दुसरं, कुस्त्या असतील तर पहिली जोड लावायच्या आधी खाशाबा जाधवांच्या फोटोला हार घाला. तुमच्याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीला कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. रेवड्यांवरच्या कुस्त्या खेळणाऱ्या बारक्या पोरांना हे सांगा, त्यांची छाती बघा कशी फुगते.

---

पारावरची_लेक

हलगीदादा, वाचून डोळ्यात पाणी आलं, 'निघणं वेगळं सजणं वेगळं' हे मला सुचलंच नव्हतं. मास्तर, सरकगाठीचं लिहून घेतलं. आमच्यात मोठ्या कुस्त्या नाहीत, बारक्या पोरांच्या होतात, आणि रात्री लोकनाट्य. बैलगाडा शर्यत ठेवूया असं काही जण म्हणतायत पण मला ती त्या दिवशी नको वाटते.

---

हलगी_सांगली

शर्यत नकोच त्या दिवशी. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि मे २०२३ ला घटनापीठानं कायदा पण मान्य केला हे खरं, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, धावपट्टी, जनावरांचा डॉक्टर, अँब्युलन्स सगळं लागतं आणि २६ ला सगळं सरकारी खातं परेडला असतंय. लोकनाट्याची सुपारी दिली का? नारायणगावला नाहीतर विट्याला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात तिथं जाऊन लवकर तारीख पक्की करा. आणि पार्टीला आधीच सांगा दहाला स्पीकर बंद, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी असते, बारापर्यंतची सूट शासनानं ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांनाच असती.

---

तळकोकणातला

आमच्या सिंधुदुर्गात जत्रा रात्रीच्या असतात म्हणून हा वाद सहसा होत नाही पण एकदा २५ च्या रात्रीची जत्रा होती. संध्याकाळपासून ओट्या भरायला रांग, मग देवळाभोवती पालखीच्या प्रदक्षिणा, आणि मध्यरात्रीनंतर दशावताराचं नाटक ते पहाटेपर्यंत, शेवटी दहीकाला. अंगात राजाचे कपडे नि तोंडाला रंग तसाच असलेले दोन नट सकाळी साडेसातला शाळेच्या झेंडावंदनाला आमच्या मागं येऊन उभे राहिले होते. कुणी बोलावलं नव्हतं. पुढच्या गावच्या जत्रेला जायला त्यांचा टेंपो यायचा होता, शाळेतून आवाज आला म्हणून आले. मुकुट काढून हातात घेतला होता त्यांनी. मुलं मागं वळून वळून बघत होती, बाई रागावल्या नाहीत.

मला एकच सुचवायचं आहे. आमच्याकडं जत्रेच्या सुरुवातीला देवाला गाऱ्हाणं घालतात, सगळ्या गावाच्या वतीनं, बाहेरगावी असलेल्यांचं रक्षण कर, पोराबाळांना सुखी ठेव असं, आणि सगळे 'होय महाराजा' म्हणतात. त्या वर्षी गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकरांनी सीमेवर असलेल्या गावच्या पोरांचं पण त्यात घेतलं. नावं नाही घेतली, फक्त जे देशाच्या राखणीला बर्फात उभे आहेत ते. 'होय महाराजा' त्या वेळी जरा मोठ्यानं आलं. तुमच्याकडं आरतीनंतर असं काही बोलायची पद्धत असेल तर बघा.

---

गोदाकाठची

मी नांदेडकडची. आमच्या भागात झेंडा वर्षातून चारदा लागतो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर आमची माणसं तेरा महिने निजामाच्या राज्यात होती आणि तिरंगा लावला म्हणून रझाकारांचा मार खात होती, माझ्या आजोबांनी हे बघितलेलं. त्यामुळे झेंडा 'उरकू' हा शब्द आमच्या घरात कुणी काढला असता तर आजोबा जेवले नसते. ताई तुम्हाला ते लागलं हे मला फार कळलं. तुमच्या भागात पण हा इतिहास आहेच की, ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला होता आणि गोळीबारात माणसं हुतात्मा झाली. भाषण करणाऱ्यानं दिल्लीपेक्षा हे सांगितलं तर माणसं थांबून ऐकतील.

मला मात्र दुसरंच सांगायचंय, वेळेचं तर सगळ्यांनी सांगितलंय.

आमच्या गावातला एक मुलगा फौजेत होता, तो गेला. दोन वर्षांनी २६ जानेवारीला पंचायतीनं त्याच्या बायकोच्या हस्ते झेंडा फडकवला, शाल दिली, सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि ते मनापासून होतं, खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात आमची जत्रा असते. देवीच्या ओटीच्या रांगेत मी उभी होते तर ती आली, तिच्या हातात ओटीचं ताट नव्हतं, नुसता नारळ होता, आणि ती रांगेत न येता देवळाच्या बाजूच्या खांबापाशी थांबली. सगळ्या बायका आत जाऊन आल्या, एकमेकींना हळदीकुंकू लावलं, मी पण लावून घेतलं, आणि मग गाभारा रिकामा झाल्यावर ती आत गेली. कुणी तिला अडवलं नव्हतं. कुणी बोलावलं पण नव्हतं. मी पण नाही. चार दिवसांपूर्वी मी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

ते माझ्या मनातून जात नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकी पंचायतींना पण असं करा म्हणून सांगितलं. ठराव करणं सोपं नाही हे मला माहीत आहे, पण तुमच्याकडं दोन्ही दिवस एकच आलेत. ज्या बाईला सकाळी झेंड्याला पुढं बोलावणार तिला दोन तासांनी देवळात मागं उभं राहायला लावू नका. एवढंच बघा. तुम्ही कमिटीत दोघी आहात, तुम्ही नाही बघितलं तर कुणी बघणार नाही.

---

शाळामास्तर

गोदाकाठच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. ग्रामसभेपुढं ठेवायचं असेल तर २६ ची वाट बघू नका, त्या दिवशी जत्रेत कोरम होणार नाही (मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते लागतं). आधीच एखादी ग्रामसभा लावा, सात दिवसांची नोटीस काढा, तिच्याआधी महिला ग्रामसभा घ्या आणि विषय तिथूनच येऊद्या. बायकांमधून ठराव आला की पुरुषांना त्याला नाही म्हणणं जड जातं.

---

पारावरची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, रागावू नका, ज्वारीची आणि कांद्याची कामं होती.

मानकरी आबांच्या घरी गेले होते, हलगीदादांनी सांगितलं तसं, चारचौघात नाही. आबा म्हणाले दिवस उगवताना आरती झाली पाहिजे आणि पालखीला देवळाबाहेरचं ऊन लागलं पाहिजे, बाकी गावफेरी कधी निघावी हे कुठं लिहिलंय, पूर्वी तर घड्याळच नव्हतं. मग सव्वासातला आरती, पालखी देवळापुढच्या पारावर, तिथनंच पोरं प्रभातफेरी काढून पटांगणात, पावणेआठला झेंडा, आणि झेंडा झाला की सगळं गाव मिळून पालखी आणायला. काठ्या पारापाशीच नाचवायच्या असं ठरलं, खांब मोकळा. तरुण पोरं पण खूश आहेत कारण त्यांना पाराखाली जागा जास्त मिळते. झेंडा उतरवायला आमच्यातले एक रिटायर सुभेदार काका तयार झालेत, त्यांनी मला विचारलं की सूर्यास्ताची वेळ पंचांगातनं बघून कागदावर लिहून दे.

गोदाकाठची ताई, तुमचं वाचून मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. आमच्या वाडीत पण एक वहिनी आहेत. तिचा नवरा फौजेत नव्हता, मुंबईत गोदीत होता, अपघातात गेला, त्यामुळं तिला कुणी शाल पण दिली नाही कधी. ती दर जत्रेला येते, चुलीपाशी बसून दोनशे माणसांच्या पुरणपोळ्या लाटते आणि ओटीच्या वेळेला कुठं असते हे मला आठवेचना. इतक्या वर्षांत मी बघितलंच नव्हतं.

महिला ग्रामसभेत विषय ठेवला. दोघीतिघी म्हणाल्या देवीला चालेल का, तेव्हा आबांच्या बायको, ज्या स्वतः बोलत नाहीत कधी, त्या म्हणाल्या देवीला नवरा आहे का, तुम्ही कधी बघितला का. सगळ्या गप्प झाल्या. ठराव झाला, सह्या-अंगठे मिळून त्रेसष्ट.

मग मी वहिनींच्या घरी गेले. म्हटलं वहिनी, झेंड्याला पुढं या आणि ओटीचं पहिलं ताट पण तुमचं. त्या पीठ मळत होत्या, हात तसाच ठेवून बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, झेंड्याला येते, पोरांबरोबर उभी राहते. पण पहिलं ताट नको गं, सगळ्या बघतील. मला मधी कुठंतरी उभी कर, तू पुढं आणि तुझी जाऊ मागं असली तर येते.

रांग कशी लावायची ते आता तसंच ठरवलंय.